भिंतीवरचं जपानी रेशीम

अहो, तुमची भिंत उतरवायचं ठरलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आपली लेक मृणाल मुलांच्या शाळेसाठी जपानला परत गेली, आणि चार दिवसांपूर्वी जेवताना शैलेश म्हणाला, "आई, या आठवड्यात सगळं आवरून घेऊ. घर सध्या बंद ठेवू, पुढचं पुढे बघू. तू चल माझ्याबरोबर पुण्याला." मी भात कालवत होते, कालवतच राहिले. मग त्यानं हॉलच्या त्या भिंतीकडे बघितलं, जिच्यावर तुमचा काळा किमोनो या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलाय, आणि विचारलं, "याचं काय करायचं? हे तर बाबांनी भिंतीलाच ठोकलेलं दिसतंय."

मी म्हटलं, "हो, ठोकलंय." आणि मनातल्या मनात तुमचे आभार मानले.

कारण मला पुण्याला जायचं नाहीये. हे मी तुम्हाला सांगतेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय मीच ठेवलेली नाही. या घरात "आपण परत कधी जायचं?" हे वाक्य मी मिठासारखं रोज वापरलं. कारखान्याच्या क्वार्टरचं छत गळलं, की आपण परत कधी जायचं. मे महिन्यात कुलर बंद पडला, की आपण परत कधी जायचं. मुलं आपसांत हिंदीत भांडायला लागली तेव्हा तर मी दोन वेळचं जेवण बंद ठेवलं होतं, तुमचं नाही, माझं. तुम्ही रिटायर झालात आणि मी मिरजेला भावाला कळवून टाकलं, की आता येतोच आम्ही. आणि तुम्ही काय केलंत? इथेच भोपाळला, सोनागिरीत घर घेतलंत, कारखान्याचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. मी तुमच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते, आणि तुम्हाला ते बरंच वाटलं असणार.

हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. परवा शेजारच्या दुबेवहिनी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "भाभीजी, भाईसाहब तो चले गए, पर चलो, आपके मन की तो हुई. हमेशा कहती थीं ना, महाराष्ट्र जाना है." बोलल्या त्या मायेनंच. भावानं फोनवर सांगितलं, "ताई, शेवटी येतेयस बघ आपल्या मुलखात." मी "हो रे" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आयुष्यभर दार उघडा म्हणून ओरडले, आता दार सताड उघडलंय आणि सगळे दारात उभे राहून मला या या करतायत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुमच्या त्या किमोनोंचं वेड लागलं कसं, आठवतं? मृणालनं पहिला पाठवला तो मला घरात गाऊनसारखा घालायला. तिकडे म्हणे जुन्या बाजारात ढिगानं मिळतात, आजीचे, पणजीचे, आता कोणी घालत नाही. निळा होता, डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी तो अंगावर चढवायच्या आत तुम्ही ओढून घेतलात आणि उलटा करून शिवणी बघत बसलात. जन्मभर कारखान्यात कॉइलवर इन्सुलेशनची टेप गुंडाळणारे ते हात, रिटायर झाल्यापासून नुसते पेपरच्या घड्या घालत होते. "अगं, हे बघ," तुम्ही म्हणालात, "यात एकही वाकडा काप नाही!" मग माझी बारीक कात्री घेऊन टाके उसवत बसलात. अंगाच्या दोन लांब पट्ट्या, बाह्यांच्या दोन, पुढच्या दोन अरुंद, गळ्याच्या दोन. सगळ्या सरळ. त्या एकीपुढे एक अशा फरशीवर मांडल्या तर हॉलमधून निघालेलं कापड स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारापर्यंत गेलं. तुम्ही त्याच्या कडेनं इकडून तिकडे फिरत होता, नवा जावई मांडवात फिरतो तसे.

"जसं विणून आलं होतं तसं परत मिळतं हे कापड. तुझ्या ब्लाउजचं करून दाखव बघू असं."

मला राग आला. अर्ध्या कॉलनीचे ब्लाउज मी शिवलेत. आमच्याकडे माणसाच्या अंगाला बाक असतो म्हणून कापडालाही द्यावा लागतो, असं मी सुनावलं. आपलं या विषयावरचं पहिलं भांडण ते. मग ती रीतच पडली. उसवायचं तुम्ही, रिठ्याच्या पाण्यात धुवायचं आणि ओल्या फडक्याखाली इस्त्री करायची मी, आणि मग प्लायवुडच्या चौकटीवर ताणून बसवायचं पुन्हा तुम्ही. मला त्यातले बगळे, पंखे, फुलं कापून घ्यायची असत. तुम्ही कात्री लपवून ठेवायचात. "कापलं की परतीचा रस्ता बंद," असं तुमचं ठरलेलं उत्तर.

"परतीचा रस्ता तुम्हीच बंद केलात," मी म्हणायची, "कापडाचं काय घेऊन बसलात!"

शेवटी तडजोड झाली. जिथे डाग किंवा कसर लागलेली असेल तो भाग माझा, धड असेल तो तुमचा. म्हणून आपल्या घरातल्या लहान चौकटी माझ्या आणि मोठ्या तुमच्या. मी कसर शोधायला लागले की तुम्ही चष्मा लावून मागे उभे राहायचात, मी नखानं भोकं पाडतेय की काय ते बघायला. एकदा पाडलं होतं, ते तुम्हाला कळलं नाही.

आणि तो अख्खा किमोनो! लाल-केशरी, तुम्ही न उसवता आडव्या दांडीवर पसरून टांगलात, पुढचे दोन्ही पदर एकावर एक नीट घडी घालून. सगळी गल्ली बघून गेली. दुबेवहिनींनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. रविवारी मृणालचा व्हिडिओ कॉल आला आणि ती किंचाळलीच, "बाबा! उजवी बाजू वर घेतलीत? असं मेलेल्या माणसाला नेसवतात इथे! जिवंत माणसाची डावी बाजू वर असते!" मी कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "म्हणजे अपसव्य." आणि लगेच स्टुलावर चढून बाजू बदलायला लागलात. एवढ्या लांबच्या देशातही मेल्यावर डावं-उजवं बदलतात, याचं तुम्हाला इतकं नवल वाटलं की येईल त्याला सांगत सुटलात. मी देवपूजेला बसले की विचारायचात, "पदर सव्य आहे ना?" मी चिडायची.

तर तुमच्या दिवसकार्यात काय झालं, सांगते. गुरुजी शैलेशला म्हणाले, "अपसव्य करा." त्यानं जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. मी मान वर केली तर मृणाल माझ्याकडेच बघत होती. आम्हाला दोघींना हसू फुटलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तिनं भिंतीकडे तोंड केलं. बायकांना वाटलं आम्ही हुंदके देतोय, त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मग ते खरंच हुंदके झाले. तुमच्यासाठी मी पहिल्यांदा नीट रडले ती तेव्हा. हसायला तुम्हीच लावलंत, म्हणून रडता आलं.

महाराणा प्रताप नगरच्या दुकानातली रश्मीही भेटून गेली. तुमच्या चौकटी ती आपल्या पडद्यांच्या दुकानात लावायची तेव्हा तुमची छाती किती फुगायची! "अंकलजी, थोड़ा बड़ा बनाइए ना, होटल वाले बड़ा माँगते हैं," असं ती मागे लागली होती. परवा डोळे पुसत म्हणाली, "आंटीजी, अंकलजी का हाथ बहुत साफ़ था." मी म्हटलं, हो. कापड साफ मी करत होते हे काही तिला सांगितलं नाही. पण मोठं काम तुम्ही केलंत ते हॉटेलसाठी नाही, आपल्या हॉलसाठी. त्याच्याकडे येते, त्याआधी मिरजेचं सांगायचं राहिलंय.

भाच्याच्या लग्नाला मी एकटीच गेले होते ना, महिनाभर राहायला. माहेरपणाला निघालेल्या नव्या नवरीसारखी तयारी करून गेले. आणि ठरल्यापेक्षा कितीतरी आधी परत आले. तुम्ही विचारलंत, "का गं, एवढ्यात?" मी म्हटलं, "तिकडे फार उकडतं." भोपाळच्या मे महिन्यात उभं राहून! तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि बॅग उचलून आत नेलीत.

झालं काय होतं, तर पहिल्याच दिवशी मी वहिनीला विचारलं, "कद्दूची सब्जी करून टाकू का?" भाच्या एकमेकींकडे बघून फिस्कन हसल्या. मग त्यांना तो खेळच सापडला. मी "बत्ती गेली" म्हटलं की हसायच्या, "मला ठसका लागून गेला" म्हटलं की हसायच्या. "आत्या, तुम्ही किती क्यूट बोलता!" मी एवढी वर्षं ज्या मराठीसाठी तुमच्याशी आणि मुलांशी भांडले, ती मराठी तिथे पाहुणी निघाली. बाजारात मला कुणी ओळखत नव्हतं. इथे भाजीवाला लांबून हाक मारतो, "मराठी आंटी, आज मेथी ताज़ी है." तिथे नुसतीच कुणाची तरी आत्या होते. दुपारी सगळे झोपले की मला वाटायचं, आत्ता तुम्ही फरशीवर पाय पसरून टाके उसवत असाल आणि तुम्हाला दोरा दिसत नसेल. मला तुमची आठवण येत होती. स्पष्टच सांगते, फार येत होती. आणि या घराचीही.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. का सांगावं? तुम्ही मला जन्मभर चिडवलं असतंत. वाद एवढा जुना, की मी हरले असं म्हणायला जीभ वळेना. म्हणून मी नुसत्या सवयीनं म्हणत राहिले, आपण परत कधी जायचं. तुम्ही ते खरं धरत होता का? हे मला कधी सुचलंच नाही.

मग दिवाळीनंतर तो काळा किमोनो आला, लग्नाकार्याचा, खाली घेरावर पाइनची झाडं आणि पांढऱ्या लाटा. एकही डाग नव्हता, म्हणजे माझ्या कात्रीला काही काम नव्हतं. तुम्ही पट्ट्या उभ्या लावल्यात, आतल्या लाल अस्तराच्या पट्ट्या मध्ये मध्ये घातल्यात. पण दोन ठिकाणी बोटभर फट सोडलीत. मी विचारलं, "ही फट कशाला? सलग दिसलं असतं." तुम्ही म्हणालात, "श्वास घ्यायला." मी विचारलं, "कापडाला की तुम्हाला?" तुम्ही हसलात. मी बाग सेवनिया वस्तीत भिशीला गेले आणि संध्याकाळी परत आले तर ते भिंतीवर चढलेलं होतं. एक खिळा दिसत नव्हता. मी कडेला बोट लावायला गेले तर तुम्ही ओरडलात, "हात नको लावूस, अजून बसतंय!"

"हे इतकं मोठं भिंतीला ठोकून ठेवलंत, आता हे घेऊन जायचं कसं?"

"जाऊ तेव्हा बघू."

"म्हणजे जायचंच नाही तुम्हाला. सरळ सांगा ना."

तुम्ही चहाचा घोट घेतलात. मी भांडी आपटत आत गेले, आणि खरं सांगू? ओट्याशी उभी राहून मला इतकं हलकं वाटलं. बरं झालं, म्हटलं, ठोकून टाकलं माणसानं. आता कोणी हलवायचं नाही आपल्याला. मला तुम्ही बांधून ठेवलंत याचा मला आनंद झाला होता. त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिलाच नाहीत. एका सकाळी चहा पिऊन आडवे झालात, उठलाच नाहीत, आणि ते बोलणं तसंच अर्धवट राहिलं.

तर आज सकाळी शैलेश स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. मी त्याला दोनदा सांगितलं, राहू दे रे, ते निघायचं नाही. माझ्याजवळ तेवढी एकच सबब उरली होती. ती भिंत निघत नाही, ती इथे सोडून मी जात नाही, इतका माझा साधा हिशेब होता. पोरकट आहे, कबूल. पण बुडणारी बाई काडी निवडत बसत नाही. शैलेश म्हणाला, "मग कडेनं कापून घेऊ या, आई. निदान कापड तरी येईल आपल्याबरोबर." आणि माझी ब्लाउजची कात्री घेऊन आला. मी ती त्याच्या हातातून हिसकावली. "त्याला कात्री लागायची नाही," मी ओरडले. तो चमकून माझ्याकडे बघायला लागला. "टेन्शन नको घेऊस," म्हणाला, "स्क्रू कुठे आहेत ते तर बघू. जरा ते टोक धर."

मी टोक धरलं. त्यानं दुसऱ्या बाजूनं खाली हात घालून चाचपलं, जरा वर रेटलं, आणि अहो, ते सगळंच्या सगळं अलगद उचललं गेलं. आम्ही दोघं धडपडलोच. भिंतीवर तुमची एक तिरकी तासलेली लाकडी पट्टी होती, आणि चौकटीच्या मागे तिच्यावर बसणारी दुसरी. बाकी काही नाही. खिळा नाही, डिंक नाही. नुसतं टेकवून ठेवलं होतंत.

शैलेशनं ते पालथं घातलं. मागे बिजागऱ्या होत्या, बरोबर त्या दोन फटींच्या मागे. त्यानं एक बाजू मुडपली, दुसरी मुडपली, आणि तुमची भिंत तीन पदरी घडी होऊन त्याच्या कमरेशी उभी राहिली. वर आपल्या जुन्या होल्डॉलचा पट्टा ठोकलेला, धरून न्यायला.

"आई, हे घडीचं आहे गं," तो म्हणाला. "रेल्वेत बर्थखाली मावेल असं केलंय. बाबांनी न्यायच्या तयारीनंच केलंय हे."

मी दिवाणावर बसले. पहिल्यांदा तुमचा इतका राग आला की हातातली कात्री फेकावीशी वाटली. म्हणजे तुम्ही तयार झाला होता. माझ्यासाठी, हे घर, तो भोंगा, सगळं सोडून मिरजेला नाहीतर पुण्याला यायला तयार झाला होता, आणि एका शब्दानं बोलला नाहीत. आणि मी तुमच्यासाठी इथली होऊन बसले होते, तीही एका शब्दानं बोलले नाही. एकाच हॉलमध्ये समोरासमोर बसून चहा पीत होतो आपण. ताकाला जाऊन भांडं लपवणारी एक असती तर चाललं असतं, आपण दोघांनीही लपवलं. कधी सांगणार होता? माझ्या वाढदिवसाला? की मी पुन्हा एकदा म्हटलं असतं, आपण परत कधी जायचं, तेव्हा पट्टा धरून समोर उभे राहणार होता? माझं तोंड कसं झालं असतं ते तुम्हाला बघायचं होतं ना? मला माहीत आहेत तुमच्या खोड्या.

आणि मग तो पट्टा बघून जीव कळवळला. तुम्ही रिवेट मारून त्याची टोकं आत दुमडली होती, माझ्या बोटांना लागू नयेत म्हणून. इतकं कोण करतं हो कुणासाठी? तुम्ही मला मोकळं करून गेलात, आणि मला मोकळं व्हायचंच नव्हतं.

शैलेश खूश झाला होता. "बघ आई, बाबांचीही तीच इच्छा होती. आता तरी तू मनात काही ठेवू नकोस." दुबेवहिनी, माझा भाऊ, शैलेश, आणि आता तुम्हीसुद्धा, सगळे एका बाजूला. आणि त्यांच्या पुढे माझंच तोंड, एवढ्या वर्षांचं, माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं. सुटायला फट कुठून काढणार? आज बोलले नाही, तर मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये आनंदी चेहरा करून बसणार, मरेपर्यंत, कारण मीच मागितलं होतं.

"शैलेश, मला यायचं नाहीये."

"अगं, पण तूच तर म्हणायचीस ना नेहमी..."

"म्हणायचे."

"मग आता काय झालं?"

"आता नाही झालं. केव्हाच झालं. मी इथली झालेय रे."

त्यानं पट्ट्यावरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, "पण तू एकटी कशी राहशील, आई?" मी म्हटलं, "ते मला माहीत नाही." त्यानं ती घडी दिवाणाला टेकवून ठेवली आणि अंगणात जाऊन मृणालला फोन लावला. मला इथे ऐकू येतंय, "नहीं यार, ती असं म्हणतेय... मलाही आत्ताच कळलं..." तिकिटं काढलेली आहेत. तो ती रद्द करेल की मला समजावत बसेल, मला ठाऊक नाही. पोरगा वाईट नाही, काळजीनं बोलतोय, म्हणूनच त्याच्याशी भांडणं तुमच्याशी भांडण्यापेक्षा अवघड आहे.

पण वाक्य एकदा तोंडातून बाहेर पडलं. मी इथली झालेय. ते पहिल्यांदा ऐकायचा मान तुमचा होता हो, आणि ऐकलं ते शैलेशनं.